सेटरची जागा

शुक्रवार, 1 ऑगस्ट 2025

नवीन अप्रेंटिसांची तुकडी आज रुजू झाली. टर्नर, मशिनिस्ट आणि फिटर ट्रेडची मुलं, बहुतेक मराठवाड्यातली आणि सोलापूरकडची. मशिनिस्टमध्ये एक मुलगी आहे, कोरेगावची. सेफ्टी बूट वाटून झाले, गेटपास झाले, मग एचआरच्या साहेबांनी दरवर्षीचं भाषण केलं. मेहनत करा, शिस्त पाळा, कंपनी तुम्हाला पुढे नेईल.

पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी निम्मीच खरी आहे. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यात मुदत संपल्यावर मुलाला नोकरी द्यायलाच हवी असं बंधन मालकावर नाही. हे मुलांना माहीत नसतं, त्यांच्या आईवडिलांनाही नसतं. गावाकडे सांगितलेलं असतं की पोरगं भोसरीला कंपनीत लागलं. म्हणून क्वालिटीच्या तासाला गेज दाखवण्याआधी मी हेच सांगितलं. इथलं वर्ष ही नोकरी नाही. पण या वर्षात तुम्ही काय काय बघता यावर पुढची पंधरा वर्षं ठरू शकतात, म्हणून कोपऱ्यात उभं राहून ते घालवू नका.

एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मशीन चालवता आलं की झालं ना?" तो उदगीरचा आहे. प्रश्न प्रामाणिक होता. यंदाची रोजनिशी त्याच्या उत्तरासाठीच लिहायची असं ठरवलं आहे. सुरुवात करणारी मुलं माझ्यासमोर दरवर्षी येतात आणि प्रत्येकाला तेच तेच तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं.

मंगळवार, 5 ऑगस्ट

आज ड्रॉइंग. उदगीरच्या मुलाला सीएनसी लेथवर उभं केलं आहे. जॉब लावतो, दार बंद करतो, हिरवं बटण दाबतो, जॉब काढतो, बोअर गेज घालतो. चार दिवसांत हात बसला. त्याला विचारलं, हे बोअर कशासाठी आहे? म्हणाला, पन्नासचं आहे. पन्नास किती ते किती? गेजचा काटा हिरव्या पट्टीत पाहिजे, एवढं त्याला माहीत होतं.

मग त्याला ड्रॉइंगसमोर बसवलं. पन्नास एच सात. म्हणजे बोअर बरोबर 50 मिलिमीटरचं किंवा त्याहून जास्तीत जास्त 25 मायक्रॉन मोठं चालेल, एक मायक्रॉनही लहान चालणार नाही. का? कारण यात बेअरिंग बसणार आहे. हे बेअरिंग कुठल्या गाडीच्या कुठल्या भागात जातं तेही दाखवलं. त्याचा चेहरा बदलला. इतके दिवस तो एका काट्याची राखण करत होता, आता त्याला गाडी दिसली.

पुढचा प्रश्न त्यानेच विचारला आणि मला फार बरं वाटलं. सकाळी मशीन सुरू केल्यावर पहिले जॉब एका मापाचे येतात आणि दहा वाजेपर्यंत माप सरकतं, ते का? स्पिंडल तापतो, बॉलस्क्रू तापतो, जॉबही गरम असतो. पोलाद एका अंशाला, एक मीटर लांबीमागे, साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. 50 मिलिमीटरचा जॉब दहा अंशांनी गरम असेल तर सहाएक मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे आपल्याला मिळालेल्या 25 पैकी जवळजवळ पाव भाग मोजण्यातच गेला. मोजमापाचं प्रमाण तापमान जगभर 20 अंश धरतात, म्हणून आमची स्टँडर्ड रूम थंड असते. "मला वाटलं साहेबलोकांसाठी एसी आहे," तो म्हणाला.

बटण दाबायला शिकणाऱ्याला पगार मिळतो आणि तिथेच तो थांबतो. माप का सरकतं हे ज्याला कळलं त्याच्याकडे ऑफसेट, म्हणजे मशीनमधली मापाची दुरुस्ती, बदलण्याचा अधिकार आज ना उद्या येतो, कारण त्याला ते काम देताना सुपरवायझरला भीती वाटत नाही. या धंद्यातली पहिली पायरी कुठली म्हणाल तर ड्रॉइंग वाचणं. प्रोग्रामिंगचा क्लास त्यानंतर. चिंचवडला, भोसरीला दर चौकात क्लासच्या पाट्या आहेत. मुलं घरून पैसे मागवून जी कोड पाठ करतात, आणि ड्रॉइंगमधला गोलाईचा किंवा समकेंद्रतेचा खुणेचा चौकोन समोर आला की गप्प बसतात.

जेवणाच्या सुट्टीत त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल सांगितलं. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे तिथे लक्षात आलं आणि रंगकाम सुटलं. यांत्रिक रेखाटन मात्र त्यांनी धरून ठेवलं, आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. किर्लोस्करवाडी 1910 सालची, लोखंडी नांगर त्याच्या मागेपुढे. पण त्या सगळ्याच्या आधी कागदावर यंत्र वाचणारा माणूस तयार झालेला होता.

शनिवार, 9 ऑगस्ट

राखीपौर्णिमा. दुपारच्या शिफ्टला निम्मे हात राख्यांनी भरलेले. मशीनजवळ मनगटावर धागा नको म्हणून सगळ्यांना त्या काढून खिशात ठेवायला लावल्या. कुणी कुरकुरलं नाही.

आज मात्र लिहायचं आहे ते सांगोल्याच्या दादांबद्दल. आमच्या शॉपमध्ये पातळ भिंतीचं एक हाउसिंग बनतं. अवघड जॉब. तो फक्त दादांच्या मशीनवर लागतो आणि तिथे त्याचं रिजेक्शन जवळजवळ नाही. दादा सुट्टीवर गेले की डबे भरून माल बाद होतो. त्यामुळे त्यांना सुट्टी मिळायला त्रास होतो, आणि बरीच वर्षं ते ऑपरेटरचे ऑपरेटरच आहेत. त्यांच्या हाताखाली चहा आणणारी मुलं सेटर, म्हणजे मशीनं लावून देणारी, झाली, एक तर दुसऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे.

दादा नशिबाला बोल लावतात. मी आमच्या सुपरवायझरला विचारलं की यांना सेटर का केलं नाही. त्याने सरळ सांगितलं, "मॅडम, त्यांना हलवलं तर तो जॉब कोण काढणार?"

यात सगळं आलं. ज्याच्यावाचून मशीन अडतं, त्याला मशीनवरून कुणी हलवत नाही. आपण मुलांना सांगतो की इतकं चांगलं काम कर की तुझ्यावाचून चालता कामा नये. हा सल्ला मला अर्धवट वाटतो, काही वेळा घातकही. चांगलं काम करावंच. पण ते आपल्या मागे दुसऱ्याला करता येईल अशी सोय आपणच करून ठेवावी, नाहीतर आपलं कौशल्यच आपला खुंटा होतं. बढती देणारा माणूस दोन गोष्टी बघतो. हा पुढचं काम करील का, आणि याची जागा रिकामी झाली तर काय होईल? पहिल्या प्रश्नाची तयारी सगळे करतात. दुसऱ्याचं उत्तर तयार ठेवणारे मी फार थोडे पाहिले, आणि ते सगळे पुढे गेलेले पाहिले.

गुरुवार, 14 ऑगस्ट

साप्ताहिक सुट्टी. शेजारच्या वहिनींचा भाचा भेटायला आला. चाकणला आहे, आणि दरवर्षी कंपनी बदलतो. दर वेळी पगारात हजार-दीड हजार वाढतात, यात त्याला प्रगती वाटते. त्याच्या वयात ती थोडीफार आहेही, मी ते नाकारत नाही. पण बऱ्याचदा नोकरी सोडली की त्याने पीएफ काढून घेतला आहे. एकदा मोबाइल, एकदा गाडीचं डाउन पेमेंट, एकदा बहिणीच्या लग्नाला हातभार. शेवटच्याबद्दल मी काही बोलले नाही.

त्याला कागदावर मांडून दाखवलं. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांवर 12 टक्के त्याचे जातात, 12 टक्के मालक भरतो. मालकाच्या हिश्शातले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात, त्यासाठी पगाराची मर्यादा 15,000 रुपये धरलेली आहे. महिन्याची पेन्शन मिळायला एकूण दहा वर्षांची सेवा लागते. ती एकाच कंपनीत व्हायला हवी असं नाही, सगळीकडची मिळून चालते, मात्र मध्ये पेन्शनचे पैसे काढून घेतले की मागची वर्षं पुसली जातात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. यूएएन नंबर आयुष्यभर एकच. कंपनी बदलली की खातं ट्रान्सफर करायचं, मोडायचं नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर कितीतरी मुलं अडकलेली मी पाहते, ती म्हणजे नाव. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं, जन्मतारखेत एका आकड्याचा फरक. नोकरी चालू असताना हे कुणाला दिसत नाही. पैसे अडले की दिसतं, आणि तेव्हा जुन्या कंपनीत सही करायला कुणी नसतं. ठेकेदाराकडच्या मुलांनी तर पासबुक दर महिन्याला पाहावं. पगारपत्रकावर कापलेली रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम या वेगळ्या असू शकतात, आणि सहा महिन्यांनी विचारण्यापेक्षा पुढच्याच महिन्यात विचारलेलं बरं.

भाचा फाइल घेऊन पुन्हा येतो म्हणाला. यावा.

बुधवार, 20 ऑगस्ट

पावसाने झोडपलं. पहिल्या शिफ्टला माणसं उशिरा आली, म्हणून लाइन थांबलेली असताना मुलांना घेऊन स्किल मॅट्रिक्सच्या बोर्डापुढे उभी राहिले.

हा बोर्ड बहुतेक ऑटो कंपन्यांत असतो. आयएटीएफ 16949 च्या ऑडिटमध्ये माणसांची कुवत दाखवावी लागते, म्हणून तो लावतात. डावीकडे माणसांची नावं, वर मशीनं आणि कामं, प्रत्येक चौकटीत चार भाग केलेलं वर्तुळ. एक भाग रंगवला म्हणजे शिकतो आहे, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे स्वतंत्रपणे करतो, चारही म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटर आला की साहेब त्याला बोर्ड दाखवतात. ज्यांची नावं त्यावर आहेत ती माणसं रोज समोरून जातात आणि मान वळवून बघत नाहीत.

मी म्हटलं, हा तुमच्या बढतीचा नकाशा भिंतीवर टांगलेला आहे. तुमचं नाव शोधा. कुठल्या चौकटीत किती भाग रंगलेले आहेत बघा. मग सुपरवायझरकडे जा आणि एकच विचारा, "साहेब, या मशीनवर माझा तिसरा भाग भरायला मी काय करून दाखवू?" बढती कधी मिळेल या प्रश्नाला सुपरवायझरकडे उत्तर नसतं, त्यामुळे तो चिडतो. या प्रश्नाला मात्र त्याला उत्तर द्यावंच लागतं, कारण मॅट्रिक्सवर सही त्याचीच आहे.

चौथा भाग लोक विसरतात. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या वरची पायरी शिकवणाऱ्याची आहे, हे त्या वर्तुळातच लिहिलेलं आहे. दादांच्या वर्तुळाचे सगळीकडे तीनच भाग भरलेले आहेत. मी त्यांना मुद्दाम बोलावून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "शिकवायला सांगितलंच न्हाई कुणी."

"आता मी सांगते आहे ना, दादा. उदगीरचा पोरगा देते तुमच्याकडे."

सोमवार, 25 ऑगस्ट

कोरेगावच्या मुलीला फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवण्याचा बेत होता. मुली टापटीप असतात, नजर बारीक असते, बसून काम असतं, अशी सगळ्यांची चांगल्या मनाची कारणं. मी नाही म्हटलं. ती मशिनिस्ट आहे, तिने दोन वर्षं मिलिंग केलं आहे, तिला व्हीएमसीवर, म्हणजे सीएनसी मिलिंगच्या मशीनवर, उभं करा.

मी स्वतः क्वालिटीत आहे आणि माझ्या कामाचा मला अभिमान आहे, म्हणूनच हे बोलते. मशीनवर हात न बसलेला माणूस इन्स्पेक्शनला आला की तो फक्त चांगलं-वाईट निवडतो. दोष कुठे जन्मला हे त्याला सांगता येत नाही, आणि पुढे जाण्याची वाट त्या सांगण्यातून निघते. मुलींना थेट टेबलावर बसवलं की त्या टेबलावरच राहतात. पहिली दोन वर्षं कटिंगचा आवाज ऐकावा, इन्सर्ट झिजला की तो कसा बदलतो ते कानाला कळावं. मग हवं तर क्वालिटीत यावं, डिझाइनला जावं, कुठेही जावं.

मुलीला बाजूला घेऊन विचारलं, तुला काय हवं? "मशीन," ती म्हणाली, आणि लगेच, "पण मी मागितलं तर वाईट दिसेल का?" नाही दिसणार. पहिल्या महिन्यात मागितलेलं लोकांच्या लक्षात राहतं, आणि तिसऱ्या वर्षी मागितलं की आधी का बोलली नाहीस असं विचारतात. तिने स्वतः जाऊन मागितलं. व्हीएमसी दोन नंबर मिळालं.

गुरुवार, 4 सप्टेंबर

आजच्या पेपरात मोठी बातमी. राज्य मंत्रिमंडळाने काल कारखान्यांतल्या दिवसाच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 115 तासांवरून 144 तासांवर. त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल.

या निर्णयावर युनियनवाले बोलतील, मालक बोलतील. माझ्या डोळ्यांसमोर मुलं आली. ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, 1948 च्या कारखाना कायद्यापासूनच आहे, आणि गावी कर्ज असलेल्या मुलाला मी ओव्हरटाइम करू नको असं सांगणार नाही. ते सांगण्याचा मला हक्क नाही. पण ओव्हरटाइम संध्याकाळ खातो, आणि आमच्या मुलांचं पुढचं शिक्षण संध्याकाळीच व्हायचं असतं. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून शिकता येतं. ज्याला शिकवण्याची आवड आहे त्याने सीआयटीएसचा एक वर्षाचा कोर्स केला तर आयटीआयत निदेशक होण्याचा रस्ता आहे. हे तिन्ही रस्ते मुलांना माहीत असतात. पुढच्या वर्षी बघू म्हणता म्हणता लग्न होतं आणि हप्ते सुरू होतात.

मुलांना मी एवढंच म्हणते की आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आपल्या नावाने राखून ठेवा, आणि त्या कुठल्या हे सुपरवायझरला आधीच सांगून ठेवा. बुधवारी आणि शनिवारी मला क्लास आहे, बाकी कधीही थांबतो, असं म्हणणाऱ्याला सहसा कुणी आडवं येत नाही. ऐनवेळी नाही म्हणणाऱ्याचं मात्र नाव खराब होतं. संमती लेखी मागणार असतील तर कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

शुक्रवार, 12 सप्टेंबर

ग्राहकाकडून तक्रार आली. दादांच्या हाउसिंगमध्ये बेअरिंग घट्ट जातं आहे. आमच्याकडचे सगळे बोअर मापात. दोन पॉइंटच्या गेजने पुन्हा मोजले, तरी मापातच. शॉपमध्ये एकच आवाज, ग्राहकाचं गेज चुकीचं आहे.

दादा सुट्टीवर होते तेव्हाचा हा लॉट. दुपारी ते आले, जॉब हातात घेतला, फिरवला आणि म्हणाले, "चकचं प्रेशर कमी केलं न्हाई फिनिशला." पातळ भिंतीचा जॉब तीन जॉच्या चकमध्ये जोरात धरला की तीन ठिकाणी दबतो. त्या दबलेल्या अवस्थेत बोअर गोल कापलं जातं आणि चक उघडला की भिंत मागे येऊन भोक किंचित तिकोनी होतं. दोन पॉइंटचं गेज असा आकार पकडत नाही, कारण समोरासमोरचं अंतर सगळीकडे जवळपास सारखंच भरतं. सीएमएमवर, म्हणजे आकारही मोजणाऱ्या यंत्रावर, लावलं आणि दादांचं म्हणणं समोर दिसलं.

हे ज्ञान त्यांच्या हातात इतकी वर्षं आहे. सेटिंग शीटवर चकच्या प्रेशरचा रकानासुद्धा नाही. मी उदगीरच्या मुलाला त्यांच्या शेजारी बसवलं आणि दादा सांगतील ते सगळं लिहायला लावलं. रफिंगला प्रेशर किती, फिनिशला किती, सॉफ्ट जॉ कुठल्या व्यासाला बोअर करायचे, कुठला इन्सर्ट, किती जॉबला बदलायचा, माप कुठून मोजायचं. दादांची भाषा, मुलाचं अक्षर. संध्याकाळी दोन पानं झाली. खाली तयार करणारे म्हणून दादांचं नाव घातलं. शीट क्वालिटी सिस्टिममध्ये नंबर घेऊन नोंदवली.

मुलाला वेगळं शिकवलं ते तक्रार कशी कळवायची. त्याने ग्रुपवर फोटो टाकला होता आणि खाली "प्रॉब्लेम आहे" एवढंच. फोटो टाकला म्हणजे कळवलं असं होत नाही. मी त्याला चार ओळी लिहायला लावल्या. काय बिघडलं, कुठल्या मशीनवर आणि कुठल्या लॉटपासून, आतापर्यंत किती नग, आणि आपण काय करून थांबलो आहोत. मराठीत लिही, भाषा शुद्ध नसली तरी चालेल, पण या चार गोष्टी हव्यात. असं कळवणारा ऑपरेटर साहेबांच्या लक्षात राहतो, कारण त्याच्या मेसेजनंतर त्यांना उलट फोन करून विचारावं लागत नाही. इंग्रजीच्या भीतीने आमची कितीतरी हुशार माणसं मीटिंगला मागच्या रांगेत बसतात. आधी मराठीत नीट सांगता आलं पाहिजे. ज्याला मराठीत चार ओळी मांडता येतात त्याला त्या इंग्रजीत करायला एखादं वर्ष पुरतं.

सोमवार, 22 सप्टेंबर

घटस्थापना. दादांना घेऊन प्लँट हेडच्या केबिनमध्ये जायचं होतं. दादांना मी आत काय बोलायचं ते आधी विचारलं. ते म्हणाले, "इतकी वर्षं इमानदारीनं केलं, आता तरी बघा म्हणतो."

दादा, असं नका म्हणू, मी सांगितलं. त्यातलं प्रत्येक अक्षर खरं आहे, पण साहेबांना त्यावर "बघू" एवढंच म्हणता येतं. तुम्ही कागद न्या. एका बाजूला सेटिंग शीट. दुसऱ्या बाजूला उदगीरच्या मुलाने तुमच्या गैरहजेरीत काढलेल्या लॉटचा रिपोर्ट, ज्यात रिजेक्शन तुमच्याइतकंच कमी आहे. मग म्हणा, हा जॉब आता माझ्यावाचून निघतो, मला सेटरचं काम द्या, तीन महिने बघा. काय मागतो, कधीपासून मागतो आणि मी मोकळा झाल्याने कंपनीचं काही अडत नाही, एवढं सांगायचं. घरचा खर्च, मुलांच्या फिया, दुसऱ्याचा पगार, यातलं काही नको. त्या गोष्टी खऱ्या असतात, पण त्या खोलीत त्यांचा उपयोग होत नाही.

वेळही महत्त्वाची. वाढ एप्रिलला मिळते म्हणून लोक मार्चमध्ये बोलतात. तोवर आकडे ठरून गेलेले असतात. पुढच्या वर्षाच्या माणसांचा हिशेब दिवाळीच्या आसपास मांडायला घेतात, बोलायचं ते आता.

दादा बोलले. सुरुवातीला आवाज कापत होता. शीट टेबलावर ठेवल्यावर साहेबांनी चष्मा लावला आणि प्रेशरच्या रकान्यावर प्रश्न विचारायला लागले, तेव्हा दादा दादांसारखे बोलले.

बुधवार, 1 ऑक्टोबर

खंडेनवमी. मशीनं धुऊन पुसून झेंडूच्या माळा. पूजेला मुलांनी व्हर्निअर आणि मायक्रोमीटर मांडले, पुसून, डब्यात ठेवून. कोरेगावच्या मुलीने व्हीएमसीच्या टेबलाला हळदकुंकू लावलं आणि लगेच कापडाने टी-स्लॉट साफ केले. भाचा फाइल घेऊन आला होता. आधारची दुरुस्ती झाली, जुनी दोन खाती एकत्र करायचा अर्ज टाकला.

शनिवार, 11 ऑक्टोबर

कालपासून दादा सेटरचं काम बघत आहेत. हाउसिंगच्या मशीनवर उदगीरचा मुलगा आहे आणि पहिल्या लॉटला त्याने चकचं प्रेशर शीटप्रमाणे ठेवलं. मॅट्रिक्सवर दादांचा चौथा भाग रंगला, सुपरवायझरने सही केली.

पण हे सगळं अजून तोंडी आहे. ग्रेड बदललेला नाही, पगारही तोच आहे. दादांना यात काही वावगं वाटत नाही, काम मिळालं याचाच त्यांना आनंद आहे. मला ते पटत नाही. सेटरचं काम ऑपरेटरच्या पगारात वर्षानुवर्षं करणारी माणसं या एमआयडीसीत मी पाहिली आहेत, आणि कंपनी बदलताना त्यांच्या अनुभवाच्या दाखल्यावर ऑपरेटर हाच शब्द लिहून मिळतो. म्हणून दादांकडून मुदतीचा अर्ज लिहून घेतला. तीन महिन्यांची मुदत, सुरू झाल्याची तारीख, आणि मुदत संपल्यावर सेटरच्या ग्रेडचं पत्र मिळावं ही विनंती. दोन प्रती केल्या. एक एचआरला दिली, दुसरीवर पोच घेतली आणि दादांना घरी नीट ठेवायला सांगितली. पत्र जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यायला हवं. नाही आलं तर पोच घेऊन दादांनी स्वतः एचआरकडे जायचं आहे, आणि मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.